परडं, बोळ नि गच्चीसाठी घडीचा गोलपोस्ट: पहिल्यांदाच बनवणाऱ्यांसाठी

दोन विटा ठेवल्या की गोल तयार, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी केलंय आणि आजही कोल्हापुरात कुठल्याही बोळात संध्याकाळी हेच दिसतं. पण विटांना वरची दांडी नसते. त्यामुळं दर पाच मिनिटाला "वरनं गेला", "न्हाई, आत हुता" यावरनं मॅच थांबते आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा गोल धरला जातो. माझा पुतण्या आणि त्याची गँग, सगळी नऊ-दहा वर्षांची, शाहू स्टेडियमवर पाटाकडील नि दिलबहारची मॅच बघून येतात आणि घरी आली की त्यांना तसलीच जाळी पाहिजे असते, बॉल आत गेल्यावर जाळी मागं फुगते ना, ते बघायचं असतं त्यांना. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये आपला अनिकेत जाधव भारताकडनं खेळला, तेव्हापासनं तर आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला वाटतंय की पुढचा नंबर आपला.

कायमचा गोल गाडायला जागा मात्र कुणाकडं आहे? परड्यात आईचं वाळवण असतंय, बोळात रात्री गाड्या लागतात, गच्ची चार घरांची. म्हणजे गोल असा पाहिजे की दोन मिनिटात लागला पाहिजे, दोन मिनिटात भिंतीला टेकून बाजूला झाला पाहिजे, आणि जाळी दरवेळी सोडायला-बांधायला लागली नाही पाहिजे. मी गेल्या दोन उन्हाळ्यात अशा तीन फ्रेम केल्या, पहिली चुकली, दुसरी बरी झाली, तिसरी अजून वापरात आहे. खाली जे सांगतोय ते तिसरीचं आहे, आणि पहिल्या दोन्हीत काय चुकलं ते पण जागोजागी सांगतो म्हणजे तुमचा पाइप वाया जाणार नाही.

माप आधी ठरवा

मोठ्या मैदानावरचा गोल २४ फूट रुंद नि ८ फूट उंच असतो, म्हणजे ७.३२ मीटर बाय २.४४ मीटर. ते आपल्याला नकोच. फुटसालचा गोल ३ मीटर बाय २ मीटर असतो, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण ३ ला २. तेच प्रमाण धरून ६ फूट बाय ४ फूट केलं की बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना एकदम बरोबर बसतं, गोलकीपरला दोन्ही कोपऱ्यांपर्यंत झेप घ्यायला जागा राहते आणि बोळातनं एखादी सायकल जायला पण वाट उरते. खोली, म्हणजे पुढच्या खांबापासनं मागच्या दांडीपर्यंतचं अंतर, ३ फूट ठेवा. काहीजण जागा वाचवायला दोनच फूट करतात, ते करू नका, कारण खोली कमी झाली की गोल पुढं पडायला सोपा होतो. याचा हिशोब वजनाच्या भागात येईलच.

६ बाय ४ बाय ३ घेण्यात अजून एक फायदा आहे. ४ फूट उंची आणि ३ फूट खोली घेतली की वरच्या कोपऱ्यापासनं मागच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी बरोबर ५ फूट येते. गवंडी चौथरा आखताना ३-४-५ ची दोरी लावून काटकोन काढतो ना, तेच. मला ही आकडेमोड नंतर लक्षात आली, पण त्यानं पुढची सगळी कामं सोपी झाली.

घडी कशी पडते ते डोक्यात बसवा

पाइप आणायच्या आधी हे नीट समजून घ्या, कागदावर काढा, झाडूच्या काड्यांनी छोटं मॉडेल करून बघितलंत तर लईच भारी. गोलाचे दोन भाग असतात. पुढचा भाग म्हणजे उलटा यू, दोन खांब नि वरची आडवी दांडी. खालचा भाग म्हणजे जमिनीवर आडवा पडलेला दुसरा यू, दोन बाजूच्या दांड्या नि मागची दांडी. हे दोन यू पुढच्या खालच्या कोपऱ्यात एकेका बोल्टनं जोडलेले असतात, आणि तो बोल्ट म्हणजेच बिजागरी.

गंमत अशी की खालचा यू वरच्यापेक्षा थोडा रुंद पाहिजे, म्हणजे त्याच्या बाजूच्या दांड्या खांबांच्या बाहेरच्या अंगाला येतात. दोन्ही यू सारख्याच मापाचे केले तर पाइपावर पाइप येतो आणि घडी पडतच नाही. माझी पहिली फ्रेम इथंच फसली, दोन्ही ७२ इंचाचे कापून मोकळा झालो होतो. दीड इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ४८ मिमीच्या जरा वर असतो. त्यात खांब नि दांडीमधली ५ मिमी फट धरा. एका बाजूला साधारण ५३, दोन्ही मिळून १०७ मिमीच्या आसपास, म्हणजे सव्वाचार इंच. मागची दांडी वरच्या दांडीपेक्षा एवढी लांब पाहिजे.

आता हे दोन यू बोल्टवर नुसते फिरतात, उभं राहणार कसं? त्यासाठी दोन्ही बाजूला एकेक तिरकी लोखंडी पट्टी लागते, जी खांब नि खालची दांडी यांना काटकोनात धरते, आणि ती पट्टी त्या ५ मिमीच्या फटीतच बसते. खांबाची बाहेरची बाजू आणि दांडीची आतली बाजू समोरासमोर येतात, मधे पट्टी. म्हणून ती फट ठेवायची.

सामान

पाइप: प्लंबिंगचा पांढरा यूपीव्हीसी, दीड इंची, ज्याच्यावर एससीएच ४० छापलेलं असतं तो. दहा फुटाचे तीन नग. शेतीचा पातळ पाइप स्वस्त पडतो नि गावाकडं घरात पडलेला पण असतो, पण त्याला भोक पाडलं की बोल्टच्या भोवती चिरतो, आणि उन्हात वरची दांडी मधे झोळ धरते. लोखंडी पाइप घेतला तर शिवाजी उद्यमनगरात एका दिवसात वेल्डिंग करून मिळेल, मजबूत पण होईल, पण मग वजन वाढतं आणि दहा वर्षांच्या पोराला ते एकट्याला हलवता येत नाही, शिवाय पडला तर लागतं पण जास्त. पहिल्यांदा करताय तर पीव्हीसीच करा, आणि जिथं जोर येतो तिथंच लोखंड नि लाकूड घाला.

जोडाला दीड इंची चार एल्बो (काटकोनी जोड), दोन कपलर (सरळ जोड), पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा छोटा डबा. लोखंडी पट्टी २० बाय ३ मिमीची, ४ फूट घेतली की दोन्ही बाजूचं होतं. बिजागरीला ८ मिमी जाड नि ५ इंच लांब दोन बोल्ट, त्याला नायलॉक नट, म्हणजे ज्याच्या आत नायलॉनची रिंग असते तो. साधा नट फिरून फिरून ढिला होतो. पट्टीला ८ मिमीचे अडीच इंची चार बोल्ट, दोनांना नायलॉक नि दोनांना हातानं फिरवायचा पंखवाला नट. कपलरला ६ मिमीचे तीन इंची दोन बोल्ट, ते पण पंखवाल्या नटाचे. भरपूर वायसर, मोठ्या तोंडाचे.

लाकूड: जुन्या खोऱ्याचा किंवा टिकावाचा दांडा. ही गोष्ट मला एका म्हाताऱ्या सुतारानं सांगितली आणि हीच सगळ्यात कामाची निघाली. पाइपाचा आतला व्यास ४१ मिमीच्या आत असतो, आणि खोऱ्याचा दांडा थोडा तासला की त्यात गच्च बसतो. आत लाकूड असलं की बोल्ट कितीही आवळा, पाइप चेपत नाही.

जाळी, ४ ते ६ मिमीची नायलॉन दोरी, वेल्क्रोच्या पट्ट्या, ८० नंबरचा पॉलिश पेपर, कानस, हॅक्सॉ, ड्रिल, मेजर टेप, मार्कर. ड्रिल नसेल तर कुठल्याही वायरमनकडं मिळतं, तासाभराचंच काम आहे.

कापणं

तीन पाइप असे कापा. पहिल्यातनं ४८ इंचाचा एक नि ३६ इंचाचे दोन तुकडे, बरोबर १२० इंच, काहीच उरत नाही. दुसऱ्यातनं तेच परत. ४८ चे दोन म्हणजे खांब. ३६ च्या चारपैकी दोन जोडून वरची दांडी, उरलेल्या दोन खालच्या बाजूच्या दांड्या. तिसऱ्या पाइपातनं ३८ इंच नि एक सूत (इंचाचा आठवा भाग) असे दोन तुकडे, ही मागची दांडी. बाकी साडेतीन फुटाच्या वर उरतो, तो ठेवून द्या, काहीतरी चुकतंच.

पाइप सरळ कापायला एक साधी युक्ती: वर्तमानपत्राची सरळ कडेची पट्टी पाइपाभोवती गुंडाळा, कडेला कड जुळली की मार्करनं गोल रेघ मारा, मग ब्लेड त्या रेघेवर थोडं थोडं फिरवत कापा. एका जागी धरून खाली कापत गेलं की शेवटाला तिरपं जातं. कापल्यावर आतली-बाहेरची कड कानशीनं मारा, पोरांचे हात लागणार आहेत.

दांडी मधे दोन तुकड्यात का केली ते पण सांगतो. ६ फुटाची अख्खी फ्रेम मोपेडवर बसत नाही आणि जिन्यातनं वर पण वळत नाही. मधे कपलरनं जोडली की खेळून झाल्यावर उघडता येते. मला वाटलं होतं सव्वा इंची पाइपाचा तुकडा आत घालून जोड देता येईल, घेऊन पण आलो, तर सव्वा इंचीचा बाहेरचा व्यास ४२ मिमी नि दीड इंचीच्या आत जागा ४१ च्या खाली, बसतच नाही. म्हणून बाहेरनं कपलर.

लाकूड नि भोकं

हे काम चिकटवायच्या आधी करायचं, कारण नंतर पाइपात आत पोचता येत नाही.

खांबाच्या आत दोन ठिकाणी लाकूड पाहिजे, अगदी खाली आणि तळापासनं साधारण १७ इंचावर. आधी वरचं घाला. चार इंचाचा तुकडा तासून घ्या, एका काठीनं पाइपात ढकलत न्या, काठीवर आधीच खूण करून ठेवा म्हणजे तुकडा कुठवर गेला ते कळतं, आणि जागेवर आला की बाहेरनं एक छोटा स्क्रू मारून पक्का करा. मग खालचा तुकडा, सहा इंचाचा, हातोडीनं हळूहळू ठोका. जोरात ठोकलं तर पाइपाची कड उकलते. बाजूच्या दांडीत पण तसंच, एक पुढच्या टोकाला नि एक टोकापासनं १३ इंचाच्या आसपास. लाकूड आत घालायच्या आधी त्याला जवसाचं तेल किंवा ऑइल पेंट लावून एक दिवस वाळवा. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीये, कोरडं लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि पाइप फोडतं.

आता भोकं. बिजागरीचं भोक खांबाला तळापासनं सव्वा इंचावर, दांडीला पुढच्या टोकापासनं सव्वा इंचावर. सव्वा इंचच का, तर दांडी मागच्या जाड एल्बोसकट जमिनीवर आडवी पडल्यावर तिचा मध्य जमिनीपासनं साधारण तेवढाच वर येतो, आणि खांब पण जमिनीला टेकतो, म्हणजे कुठलंच टोक अधांतरी राहत नाही. मग त्या भोकापासनं मोजून खांबावर १६ इंचावर दुसरं भोक, दांडीवर १२ इंचावर दुसरं. आणि पट्टीवर दोन भोकांच्या मधे बरोबर २० इंच. १२-१६-२०, परत तेच ३-४-५. एवढं माप पाळलं की गोल आपोआप गुण्यात, म्हणजे काटकोनात, उभा राहतो, गुण्या लावून बघायची पण गरज नाही.

मधोमध भोक पाडायला पाइप घसरतो, ड्रिल पण घसरतं. पाइप दोन विटांच्या मधे दाबून धरा, आधी खिळ्यानं बारीक खळी पाडा, मग ४ मिमीचं भोक, मग ८ चं. एकदम ८ चं ड्रिल लावू नका, आरपार जाताना तिरकं निघतं आणि मग बोल्ट तिरका बसतो, घडी अडकते. माझ्या दुसऱ्या फ्रेमला हेच झालं, डावी बाजू अजून करकरते.

पट्टीची दोन्ही टोकं कानशीनं गोल करा. यात आळस नको, पोराचा गुडघा बरोबर त्याच उंचीला येतो.

चिकटवणं

पहिल्यांदा सगळं कोरडंच जोडून बघा. कोरडा पाइप एल्बोत पूर्ण आत जात नाही, सॉकेट आत निमुळतं असतं, अर्ध्याच्या थोडं पुढं जाऊन अडतो, घाबरू नका, सोल्युशन लावल्यावर सरकतो.

मग गच्चीवर किंवा घरातल्या फरशीवर, जी जागा सपाट असेल तिथं, पुढचा यू आडवा टाकून चिकटवा. सोल्युशन काही सेकंदात धरतं, विचार करत बसायला वेळ मिळत नाही, म्हणून आधी एल्बो नि पाइप दोन्हीवर एकच सरळ रेघ मारून ठेवा आणि चिकटवताना रेघेला रेघ जुळवा. आमची पहिली फ्रेम हवेत हातात धरून चिकटवली होती, एक एल्बो थोडासाच पिळला गेला, आणि उभा केल्यावर एक खांब जमिनीपासनं बोटभर वर. तो परत निघत नाही, कापूनच टाकावा लागला. वास उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास पेटतं काही नको, आणि पोरांना तेवढा वेळ खाली पाठवा.

चिकटवायचं काय नि काय नाही ते लक्षात ठेवा. चारही एल्बो दोन्ही बाजूंनी चिकटवायचे. दोन्ही कपलर एकाच बाजूला चिकटवायचे, दुसरी बाजू मोकळी. मोकळ्या बाजूच्या पाइपाचं टोक पॉलिश पेपरनं घासत राहा, कपलरच्या आत पूर्ण जाईपर्यंत, पण खुळखुळलं नाही पाहिजे. थोडं घासा, घालून बघा, परत घासा. मग कपलर नि पाइप दोन्हीतनं ६ मिमीचं भोक आरपार, त्यात बोल्ट नि पंखवाला नट, आणि नट मागच्या अंगाला ठेवा. एक दिवस पूर्ण वाळू द्या. पोरं घाई करतात, पण तेवढं थांबाच.

जोडणी

खालचा यू जमिनीवर ठेवा, पुढचा यू त्याच्या आत उभा धरा, हे दोघांचं काम आहे. ५ इंची बोल्ट बाहेरनं आत घाला, खांब नि दांडीच्या मधे वायसर घालून ५ मिमीची फट करा, साधारण तीन-चार वायसर लागतात. नायलॉक नट आवळा, पण दांडी हातानं फिरेल एवढाच. पट्टी खांबाला नायलॉक नटानं कायमची लावा, ती पण फिरती. दांडीकडच्या टोकाला पंखवाला नट, तो रोज काढायचा. आत बाजूला निघालेलं बोल्टचं टोक कापून कानस मारा आणि त्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा. गोलकीपर खांबाला चिकटूनच उभा राहतो, त्याच्या पायाला पहिलं ते लागतं.

जाळी

फुटबॉलच्या जाळीचं घर साधारण चार-पाच इंचाचं असतं, तेवढं पुरतं. पण तोच गोल तुम्हाला क्रिकेटला स्टंपच्या मागं लावायचा असेल, आणि लावालच, तर दोन इंची घराची घ्या, कारण टेनिस बॉल साडेसहा सेंटिमीटरचा असतो, मोठ्या घरातनं सरळ जातो. लेदर बॉल मात्र या फ्रेमसमोर नको, पाइप फुटतो.

मागचा तुकडा ६ फूट रुंद नि ५ फूट लांब लागतो, ५ फूट म्हणजे ती मघाची तिरकी. बाजूला दोन त्रिकोण, ३ बाय ४ चा एक तुकडा कोपऱ्यातनं कोपऱ्यात कापला की दोन्ही निघतात. प्रत्येक मापात सात-आठ इंच जास्त धरा, ताणलेल्या जाळीवरनं बॉल परत उसळून येतो आणि परत तोच वाद, आत गेला का नाही. जाळी सैल पाहिजे, बॉल तिथंच खाली पडला पाहिजे.

मागचा तुकडा नि त्रिकोण जिथं जुळतात, त्या तिरक्या कडेतनं नायलॉनची दोरी ओवून घ्या, आणि ती दोरी वरच्या एल्बोपासनं मागच्या एल्बोपर्यंत ताठ बांधा, ५ फुटाच्या आसपास येते. ही दोरी शोभेची नाही. कुणी वरची दांडी पुढं ओढली तर छोट्या पट्ट्यांवर मिळून त्याच्या पाचपट जोर येतो, कारण त्या बिजागरीच्या लई जवळ आहेत. दोरी लांबनं धरते, तिच्यावर तोच जोर पावणेदोन पटीच्या आतच राहतो. पुढच्या ओढीला दोरी, मागच्या ढकलण्याला पट्टी, अशी वाटणी आहे. दोरी ढिली झाली की सगळा भार पट्टीवर येतो, म्हणून ती दर आठवड्याला ताठ करा.

जाळी पाइपाला वेल्क्रोनं बांधा, दर फुटाला एक. प्लास्टिकचे केबल टाय पटकन होतात पण कापलेलं टोक ब्लेडसारखं असतं.

वजन, हे न करता गोल पोरांच्या ताब्यात देऊ नका

आमची दुसरी फ्रेम मे महिन्यात गच्चीवर नुसतीच उभी होती. वळवाचा वारा सुटला, जाळीनं वारा धरला, आणि सात-आठ किलोची फ्रेम गच्चीच्या ह्या टोकापासनं त्या टोकाला जाऊन आडवी झाली. पुतण्या तिच्यापासनं दोन हातावर उभा होता. त्या दिवसापासनं वजन घातल्याशिवाय मी गोल उभा करू देत नाही. फुटबॉलच्या नियमांच्या पुस्तकात पहिल्याच नियमात लिहिलंय की गोल जमिनीला पक्का बांधलेला पाहिजे, हलवता येणारा गोल पण तसाच. परदेशात जड लोखंडी गोल अंगावर पडून पोरं दगावलीत, अमेरिकेतल्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगानं १९९५ साली खास हलवता येणाऱ्या गोलांसाठी सूचना काढल्या त्या त्यामुळंच. आपला गोल हलका आहे, पण खांब लहान पोराच्या डोक्यात बसला तर हलका-जड काही राहत नाही.

हिशोब साधा आहे. गोल पुढं पडतो तेव्हा पुढच्या खांबांच्या तळावर फिरतो. मागच्या दांडीवर ठेवलेलं वजन तिथनं ३६ इंचावर आहे, वरची दांडी ४८ इंचावर. म्हणजे मागं २० किलो ठेवलं तर वरच्या दांडीला १५ किलोची पुढची ओढ सहन होते, त्यात फ्रेमचं स्वतःचं थोडं वजन धरा. खोली दोनच फूट केली असती तर त्याच २० किलोनं फक्त १० किलोची ओढ सहन झाली असती. म्हणून सुरुवातीला म्हटलं, खोली कमी करू नका.

वजनाला सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे जुनी जीन्स. एक पाय कापा, एक टोक शिवा, १० किलो वाळू तोलून घ्या, अर्धी आत घाला, मधे वीतभर जागा मोकळी सोडून सुतळीनं सैल बांधा, उरलेली वाळू घाला आणि दुसरं टोक शिवा. गाढवाच्या पाठीवर वाळूच्या गोण्या टाकतात तशी ही मागच्या दांडीवर टाकायची, अर्धी आत अर्धी बाहेर, घसरत नाही, आणि पोर आपटलं तरी लागत नाही. अशा दोन, दोन्ही कोपऱ्यांजवळ. सिमेंटच्या पोत्यात भरली तर पोतं उन्हात विरतं नि वाळू सांडते, दगड-विटा तर ठेवूच नका.

मातीच्या परड्यात असाल तर पिशव्यांबरोबर १० मिमीच्या सळईचे फूटभर लांब यू वाकवून मागच्या दांडीवरनं जमिनीत ठोका, तीन पुरतात. पावसाळ्यात माती मऊ झाली की सळई हातानं निघते, तेव्हा नुसत्या सळईवर भरवसा ठेवू नका.

पोरांना द्यायच्या आधी स्वतः बघा. मागनं वरच्या दांडीला हात लावून पुढं ढकला, मग पुढनं मागं, मग एका खांबाला धरून पिळा. मागची दांडी उचलली गेली तर वजन वाढवा. आणि पोरांना एकच नियम सांगा, दांडीला लोंबकळायचं नाही. दांडीला हात पोचेल एवढीच ती उंच आहे, त्यामुळं मोह होतोच, आमच्याकडं जो लोंबकळेल तो त्या दिवशी बाहेर, हे पोरांनीच ठरवलंय आणि तेच पाळतात. बॉल पण ३ किंवा ४ नंबरचा ठेवा, ५ नंबरचा बॉल मोठ्या पोरानं जवळनं मारला तर दांडी मधल्या जोडात उडते.

घडी नि ठेवणं

आधी वाळूच्या पिशव्या काढा. मग दोन्ही पट्ट्यांचे पंखवाले नट काढून पट्ट्या वर फिरवा, त्या खांबाला समांतर होतात, आणि नट-बोल्ट परत त्याच भोकात लावून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सापडत नाहीत. गोल तोंडावर आडवा पाडा, खालचा यू उचलून खांबांवर मिटवा, जाळी आपोआप मधे गोळा होते. मागची दांडी खांबांना टेकते, पूर्ण एका पातळीत जात नाही, ते तसंच असतं. नंतर दोन्ही कपलरचे बोल्ट काढा, दोन्ही अर्धे वहीसारखे एकावर एक. जाळी कुठं अडकली तर ओढू नका, वेल्क्रो सोडा. आता हे ४ बाय ३ फुटाच्या आसपासचं, आठ-नऊ इंच जाड गाठोडं झालं, मोपेडवर मागं बसणाऱ्यानं धरलं की आरामात गांधी मैदानापर्यंत नेता येतं, रिक्षात तर आडवं बसतं.

ठेवताना भिंतीला तिरकं टेकवून उन्हात सोडू नका. एप्रिल-मेच्या उन्हात पाइप मऊ होऊन वाकतो आणि तसाच राहतो. सावलीत आडवं ठेवा नाहीतर जिन्याखाली तीन खुंट्यांवर टांगा. पाइप घासून बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग दोन हात मारला तर उन्हानं लवकर ठिसूळ होत नाही, आणि संध्याकाळी अंधुक उजेडात खांब पण दिसतात. जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी जाळी काढून धुऊन वाळवा, वाळूच्या पिशव्या कोरड्या जागी न्या, बोल्टना ग्रीस लावा. पाऊस उघडल्यावर पहिल्यांदा काढाल तेव्हा खांबाच्या तळाचं लाकूड खिळ्यानं टोचून बघा, खिळा सहज आत गेला तर लाकूड कुजलंय, तो तुकडा बदला आणि मगच पोरांना हाक मारा.